कान तुटलेली कपबशी

ग्रामपंचायतीची असो की लोकसभेची, निवडणूक लागली की आपल्या घरातल्या वस्तू कागदावर येतात. कपबशी, शिट्टी, छताचा पंखा, शिलाई मशीन, छत्री, नारळ, गॅस सिलिंडर. १९५१-५२ सालच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी होती आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे. अक्षरओळख नसलेल्यालाही मत देता यावं, एवढाच त्यामागचा हेतू. यांतली कितीतरी चिन्हं निवडणूक आयोगाचे चित्रकार एम. एस. सेठी यांनी पेन्सिलीने काढलेली आहेत. मतपत्रिकेवर ती काळ्या रेघांत उमटत, यंत्रावरही तशीच दिसतात. काळ्या-पांढऱ्यात काढलेली साधी वस्तू आणि तिच्याआड उभा असलेला भलताच अर्थ, ही जोडी वाचायची सवय आपल्याला अशी पाऊणशे वर्षांची आहे. अकोल्याच्या जठारपेठेत संध्याकाळी रस्त्याच्या कडेला मेथी-सांभार घेऊन बसणाऱ्या बाईला प्रतीकांवरचं व्याख्यान ऐकवायची गरज नाही. ती कपबशी पाहून उमेदवार ओळखते.

तरीही चिन्हातली कपबशी आणि छायाचित्रातली कपबशी यांत एक फरक आहे, आणि रस्त्यावरच्या कृष्णधवल छायाचित्रणाचं मर्म मला त्या फरकात दिसतं. चिन्हातल्या कपाचा कान कधी तुटलेला नसतो. बशीला तडा गेलेला नसतो, तिच्यात चहा ओतून कुणी फुंकर मारलेली नसते. ती कुणाचीच नसते, म्हणून कुणालाही चालते. रस्त्यावर टिपलेल्या चित्रातला कप मात्र कुणाच्या तरी हातातून आलेला असतो. त्याचा कान तुटला असेल तर तो तुटलेला दिसतो, आणि महाराष्ट्रात कान तुटलेल्या कपाला इतिहास आहे. हॉटेलाच्या मागच्या अंगाला वेगळा ठेवलेला कप. पिणाऱ्याने तो आपल्या हाताने विसळायचा आणि पुन्हा तिथेच ठेवायचा. दलित आत्मकथनांच्या वाचकाला हा कप अनोळखी नाही. त्याच्यावर कोणतीही खूण रंगवायची कुणाला गरज पडली नव्हती. फुटकेपणच पुरेसं होतं.

हे ध्यानात ठेवून सुधारक ओलवे यांच्या चित्रांकडे वळतो. ओलवे अकोल्याचे, जन्म १९६६चा. १९८८पासून मुंबईत वृत्तछायाचित्रकार, २०१६ साली पद्मश्री. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवरची त्यांची ‘इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस’ ही कृष्णधवल मालिका देशाबाहेरही पोचली. नॅशनल जिऑग्राफिकच्या ‘ऑल रोड्स’ या उपक्रमात २००५ साली जे चार छायाचित्रकार निवडले गेले त्यांत ते होते. महापालिकेचे हे कामगार सुमारे ३०,०००, आणि जवळजवळ सगळे दलित. वर्तमानपत्रांची पानं एकेक करून रंगीत होत होती त्या दिवसांत या माणसाने रंग बाजूला ठेवला. गावचा माणूस मोठा झाला की सत्कार करायला आपण वऱ्हाडातले लोक तत्पर असतो, शाल-श्रीफळ तयारच असतं. चित्रांसमोर उभं राहून ती वाचायची म्हटलं की मात्र पंचाईत होते, कारण ती बघवत नाहीत.

न बघवण्याचं कारण घाण, असं आधी वाटतं. पण तुंबलेल्या नाल्यांची छायाचित्रं पावसाळाभर पेपरात येतात आणि आपण ती चहासोबत पचवतो. इथे अडतं ते वेगळ्या ठिकाणी. गटाराच्या तोंडातून अर्धा वर आलेला माणूस घ्या. अंगभर गाळ, ओला, म्हणून चकाकणारा. रंगीत चित्रात गाळ वेगळा पडला असता आणि कातडी वेगळी. डोळ्याने चटकन निवाडा करून टाकला असता की हा माणूस आणि ही त्याच्या अंगावरची घाण. कृष्णधवलात दोन्ही एकाच काळ्याच्या छटा होऊन जातात. माणूस कुठे संपतो आणि गटार कुठे सुरू होतं, हे शोधायला बघणाऱ्याला कष्ट पडतात. आपल्या समाजाने शतकानुशतकं नेमकी हीच गफलत केली, घाण काढणाऱ्यालाच घाण मानलं. ओलव्यांचं चित्र ती गफलत क्षणभर बघणाऱ्याच्या डोळ्यांकडून करवून घेतं आणि मग त्याच डोळ्यांना ती निस्तरायला लावतं. रंग वगळण्याचा याहून नेमका उपयोग मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे.

मॅनहोलचं ते बिडाचं झाकण हीही बघण्यासारखी वस्तू आहे. शहरातल्या इतक्या वस्तूंमध्ये तिच्याइतकी दुर्लक्षित वस्तू नसेल. रोज तिच्यावरून जातो, चाक पडलं की खडखडते तेवढीच तिची दखल. खालचं काही वर दिसू नये, वास येऊ नये, यासाठीच ती घडवलेली. ती सरकवली की चित्राला विषय मिळतो. हे प्रतीक कुणी मुद्दाम आणून मांडलेलं नाही. आत उतरायचं तर झाकण काढावंच लागतं. रस्त्यावरच्या छायाचित्रात प्रतीक यावं ते असं, कामाच्या ओघात आलेलं. काही छायाचित्रकार वस्तू हातात देऊन माणसाला उभं करतात, तेव्हा वस्तू बोलते खरी, पण पाठ केलेलं बोलते.

आणि या मालिकेतली सगळ्यात बोलकी वस्तू चित्रात नाहीच. ती म्हणजे हातमोजा. बूटही नाहीत, तोंडावर मुसकं नाही. बघताना आपली नजर आधी हातांकडे जाते आणि हात उघडे असतात. हातांनी मैला उचलण्याच्या प्रथेवर बंदी आणणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३चा, दुसरा अधिक व्यापक २०१३चा. गटारात जीव गेलेल्याच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं, ऑक्टोबर २०२३मध्ये ती रक्कम ३० लाख केली. या कागदांत हातमोजा आहे, गमबूट आहे, श्वासाचं उपकरण आहे. चित्रात हात आहे. नसलेली वस्तू दाखवणं हे छायाचित्राला फार अवघड. कवीला ते एका शब्दात साधतं, कॅमेऱ्याला फक्त असलेलंच टिपता येतं. ओलव्यांना ते साधतं याचं कारण हात पुरेशा जवळून आणि पुरेशा स्पष्ट प्रकाशात घेतलेले असतात, इतके की त्यांच्यावर काय हवं होतं ते आपोआप सुचतं.

आता खराटा. टोपली, फावडं, घमेलं, ढकलगाडी या सगळ्यांत खराट्याइतकी अर्थांनी माखलेली वस्तू दुसरी नाही. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो. तिला पाय लागू देत नाही, दिवेलागणीला केर काढत नाही. त्याच वस्तूविषयी डॉ. आंबेडकरांनी १९३६च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नोंदवून ठेवलं आहे की पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याने कमरेला झाडू बांधून चालायचं, म्हणजे त्याची पावलं मागच्या मागे पुसली जातील. शिवाय थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडकं. झाडू आणि मडकं. माणसाला कमी लेखण्यासाठी वेगळी बेडी घडवावी लागली नाही, घरातल्याच दोन वस्तू पुरल्या.

वऱ्हाडाने या दोन वस्तूंचं पुढे जे केलं त्याला तोड नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात १८७६ साली परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर गावोगाव फिरले ते हातात खराटा आणि डोक्यावर गाडगं घेऊन. ज्या गावात शिरत तिथे आधी रस्ते झाडत, रात्री कीर्तन करत. लोकांनी त्यांना नाव दिलं तेही त्या भांड्याचं, गाडगेबाबा. कमरेला बांधलेला झाडू हातात आला आणि गळ्यातलं मडकं डोक्यावर गेलं, असं मला या दोन चित्रांकडे एकत्र पाहताना दिसतं. बाबांनी हा अर्थ मनात धरून ते केलं असं मी म्हणत नाही. गाडगं त्यांना जेवायला लागे, उन्हात डोक्यावर लागे. पण वस्तू त्याच आहेत, त्यांची जागा तेवढी बदलली, आणि जागा बदलल्याबरोबर अपमानाची वस्तू मानाची झाली. रसग्रहणाच्या दृष्टीने यातून मिळण्यासारखं पुष्कळ आहे. वस्तूचा अर्थ वस्तूत साठवलेला नसतो. ती शरीरावर कुठे आहे, कुणी बांधली आहे की आपण धरली आहे, यावर तो ठरतो.

गाडगेबाबांची जुनी कृष्णधवल छायाचित्रं या नजरेने पुन्हा बघावीत. अंगावरचा चिंध्यांचा अंगरखा कृष्णधवलात अक्षरशः वाचता येतो, कारण प्रत्येक ठिगळाचा करडा वेगळा. हे जाड, ते विरलेलं, हे नुकतं जोडलेलं. कॅलेंडरवाल्यांनी पुढे त्या छायाचित्रांवरून रंगीत चित्रं काढली. तिथे ठिगळं लाल-पिवळी-निळी झाली, गोधडी नवीकोरी दिसू लागली आणि खराट्याची प्रत्येक काडी विंचरल्यासारखी सरळ आली. कॅलेंडरमधले गाडगेबाबा नुकतेच न्हाऊन आलेले वाटतात. भक्तीपोटी झालं असेल, पण अंगरखा गेला तो गेलाच.

खराट्याचं सरकारी आयुष्यही मोठं आहे. राज्यात २०००-०१पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. २ ऑक्टोबर २०१४ला स्वच्छ भारत अभियानाने गांधीजींचा चष्मा आपलं बोधचिन्ह केला आणि देशभर पुढारी, अधिकारी, नट झाडू धरून कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. तोवर एका पक्षाचं निवडणूक चिन्हही झाडू झालेलं होतं. त्या काळातली ही छायाचित्रं एकत्र करून कुणीतरी त्यांचं प्रदर्शन भरवायला हवं. झाडू कोरा. कपड्यांना इस्त्री. समोर पसरलेला पाला इतका एकसारखा की तो कुणीतरी आधी आणून टाकला असावा असा संशय यावा. आणि धरण्याची तऱ्हा तर सगळं उघड करते. ज्याला रोज झाडायचं आहे तो दांड्याच्या कुठल्या ठिकाणी हात ठेवतो आणि कमरेत किती वाकतो, ते या मंडळींना ठाऊक नसतं. तुराट्यांचा खराटा आठ-पंधरा दिवसांच्या झाडण्याने एका अंगाने झिजतो, धरणाऱ्याच्या हाताच्या वळणाने. कृष्णधवल चित्रात ती तिरकी झीज लगेच दिसते, कारण तिथे आकार आणि पोत याशिवाय बघायला दुसरं काही ठेवलेलंच नसतं. पुढाऱ्याच्या हातातला झाडू मतपत्रिकेवरचा झाडू असतो, त्याला झीज नाही.

अरुण कोलटकरांनी २००४च्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये पालिकेच्या सफाईवालीवर कविता लिहिली, कचऱ्याच्या गाडीत उभी राहून कचरा तुडवणाऱ्या बाईवर, आणि तिला नाव दिलं मीरा. जे. जे.त शिकलेला, जाहिरातीत आयुष्य काढलेला हा कवी वस्तूंकडे छायाचित्रकारासारखाच बघत होता. त्याला संतकवयित्रीचं नाव आणून पायाखालचा कचरा नाचात बदलता आला. ओलव्यांना ती मुभा नाही. त्यांच्या चित्रात कचरा कचराच राहतो, आणि मला वाटतं त्यांनी ती मुभा मागितलीही नसती.

आता जरा दूर जाऊ. आन्द्रे केर्तेस या हंगेरियन छायाचित्रकाराचं पॅरिसजवळच्या मूदाँ गावातलं १९२८चं चित्र बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. चढा रस्ता, मागे उंच कमानींचा पूल, पुलावरून धूर सोडत जाणारी आगगाडी आणि पुढे कॅमेऱ्याच्या दिशेने येणारा टोपीवाला माणूस. त्याच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली काहीतरी चपटी वस्तू. काय आहे तिच्यात? कोणी म्हणतं चित्र असावं. युरोपातले जाणकार या गुंडाळीवर शंभर वर्षं होत आली तरी बोलताहेत आणि ती सुटलेली नाही. आगगाडी, माणूस आणि गुंडाळी या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी ती एका क्षणात एकत्र आली म्हणून संबंध असावासा वाटतो. केर्तेसने गुंडाळी उघडून दाखवली असती तर चित्र तिथेच मेलं असतं.

आपल्याकडे वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू गूढ नसते, ती कचोरी असते. तेल कागदावर उमटलेलं असतं आणि कालची बातमी त्यातून पारदर्शक दिसते. म्हणूनच रघू राय यांचं चर्चगेट स्थानकाचं १९९५चं चित्र मला केर्तेसच्या चित्रापेक्षा जवळचं वाटतं. झडप बराच वेळ उघडी ठेवल्याने फलाटावरची गर्दी धुरासारखी वाहून गेली आहे, चेहरे नाहीत, पाय नाहीत. आणि त्या प्रवाहात स्थिर राहून पेपर वाचणारी माणसं स्पष्ट उरली आहेत. पेपर हातात आहे म्हणून माणूस हलला नाही, हलला नाही म्हणून तो चित्रात राहिला. मुंबईत उभं राहायला जागा मिळत नाही, पण पेपर उघडला की माणसाला स्वतःपुरती खोली मिळते. आज तेच चित्र घेतलं तर हातात मोबाइल असेल. मोबाइल बघणारा माणूस चालताही राहतो, त्यामुळे तोही त्या धुरात विरघळेल. वस्तू बदलली की चित्राची रचनाच मोडते, हे यातून कळतं.

रंगाचा मुद्दा टाळून चालणार नाही. रघुबीर सिंग (१९४२-१९९९) यांनी आयुष्यभर रंगीत छायाचित्रं घेतली आणि १९९८च्या ‘रिव्हर ऑफ कलर’मध्ये ठासून मांडलं की कृष्णधवलाची उदासी पश्चिमेची आहे, भारतीय डोळा रंगातच विचार करतो. जठारपेठेतल्या भाजीच्या रांगेपुढे उभं राहिलं तर त्यांचं म्हणणं खोडून काढणं कठीण. वांग्याचा जांभळा, हळदीचा पिवळा, मिरचीचा तो तिखट हिरवा हे सगळं करडं करून कुणाचं भलं होणार? श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला येणाऱ्या कावडी कृष्णधवलात घेणं तर मला करंटेपणा वाटेल. तिथे रंग हाच विषय आहे.

पण अकोल्यात रंग निष्पाप राहिलेला नाही. भगवा, निळा, हिरवा. चौकाच्या कमानीवर, ओट्यावर, ऑटोच्या टपावर, पताक्यांवर. रंग दिसला की माणूस कोणाचा ते आपण ठरवून मोकळे होतो आणि मग त्याच्याकडे बघतच नाही. कृष्णधवल चित्र या घाईला खीळ घालतं. भगवा आणि निळा झेंडा बऱ्याचदा जवळजवळ सारख्याच करड्यात उतरतात, आणि मग बघणाऱ्याला झेंड्याखालच्या माणसाची चप्पल, सदऱ्याची कॉलर, काठीवरची पकड बघावी लागते. अर्थात हा करडा काही निसर्गाने दिलेला न्याय नव्हे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नसे. तिच्यात लाल आणि भगवा काळे पडत आणि निळा पांढरट होई. आजोबा-पणजोबांच्या काळातल्या कितीतरी छायाचित्रांत बायकांच्या कपाळावरचं कुंकू म्हणूनच काळंभोर दिसतं, आणि ज्यांच्या कपाळावर ते नाही त्या नजरेत भरतात. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आली तरी भिंगापुढे पिवळी किंवा नारिंगी काच लावली की निळा गडद होतो, भगवा उजळतो. आता हे काम संगणकावरची एक पट्टी सरकवून होतं. म्हणजे कुणाचा झेंडा उजळ दिसणार हे छायाचित्रकार आजही ठरवतो. कृष्णधवल चित्र तटस्थ असतं असा जो भाबडा समज आहे तो इथे सोडावा.

कृष्णधवलावर माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. ते सगळ्याला जुनं करून टाकतं. ओलव्यांची चित्रं पाहून कुणीही सहज म्हणू शकतो, अरेरे, तेव्हा कसं होतं बघा. तेव्हा! जे आज सकाळी घडलं तेही कृष्णधवलात इतिहासजमा वाटतं आणि बघणाऱ्याची सुटका होते. या धोक्यातून चित्राला वाचवतात त्या पुन्हा वस्तूच, आणि त्याही अगदी सामान्य. कचऱ्याच्या ढिगातली प्लास्टिकची पिशवी, पाण्याची बाटली, वेफर्सचं चुरगाळलेलं पाकीट. ती दिसली की काळ पक्का होतो. हा माणूस पेशवाईतला नाही, तुमच्या घरातून काल रात्री निघालेलं पाकीट तो उचलतो आहे. कचऱ्याच्या छायाचित्रात प्लास्टिक नको, चित्र बिघडतं, असं मानणारे लोक मला भेटले आहेत. त्यांना घाणही पारंपरिक हवी असते.

काळाचा असा पत्ता लागू न देणारी चित्रं प्रदर्शनांतून आणि मोबाइलवरून ढिगाने येतात. पायरीवर काढलेली झिजकी वहाण, गंजलेलं कुलूप, भिंतीला टेकवलेली सायकल आणि तिची लांब सावली, म्हाताऱ्याचा सुरकुतलेला हात आणि त्यात काठी. रंग काढून टाकला की यांतली प्रत्येक वस्तू आपोआप गंभीर चेहरा करते. वहाण कुणाची, ती पायरीवर का, तिचा अंगठा का तुटला, हे विचारायला चित्रात काहीच नसतं. ही सगळी कान शाबूत असलेल्या कपाचीच भावंडं. काळी-पांढरी केली म्हणून त्यांना आयुष्य आलं असं होत नाही.

जठारपेठेत राहून कुणाला रस्त्यावरच्या छायाचित्रणाचं काम करायचं असेल तर वस्तूंची ददात नाही. माझ्या मते पहिला मान कूलरला द्यावा. खिडकीतून रस्त्यावर डोकावणारा, लोखंडी घोडीवर चढवलेला, पत्र्याचा, वाळ्याच्या किंवा लाकडाच्या छिलक्यांच्या जाळ्या लावलेला कूलर म्हणजे अकोल्याच्या घराचा दर्शनी भाग. किती खिडक्यांना आहे, कुठला नवा, कुठल्याच्या जाळीतून पाणी गळून भिंतीवर पांढरे ओघळ उठलेत, यावरून गल्लीची सांपत्तिक स्थिती वाचता येते. २५ मे २०२४ला अकोल्याच्या जिल्हा प्रशासनाने उन्हामुळे जमावबंदीचं कलम १४४ लावलं होतं, पारा ४५ अंशांच्या पार गेला होता. दंगलीसाठी ठेवलेलं कलम सूर्यावर लागलं. अशा दुपारी रस्त्यावर जे कुणी असतं ते असावं लागतं म्हणून असतं. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला माणूस, लोटगाडीखाली तिच्याच सावलीत बसलेला तिचा मालक, ओल्या फडक्याने झाकलेलं मडकं. वरून पडणारं ऊन डोळ्यांच्या खोबणीत काळं भरतं, सावली पायाखाली गोळा होते, मधल्या छटा जळून जातात. छायाचित्रणाची पुस्तकं सांगतात की दुपारी कॅमेरा काढू नका, सकाळ-संध्याकाळचा मऊ प्रकाश बघा. मुंबईत ते ठीक. वऱ्हाडात मऊ प्रकाशात घेतलेलं उन्हाळ्याचं चित्र खोटं बोलतं.

दुपट्ट्याबद्दल थोडं. मुंबई-पुण्याच्या नजरेला तोंड झाकलेला माणूस संशयास्पद वाटतो, आणि कृष्णधवलात तर अधिकच, कारण तिथे फक्त दोन डोळ्यांची फट उरते. इथे तो माणूस शाळेतून मुलीला आणायला निघालेला बाप असतो. वस्तूचा अर्थ लावताना हवामान विसरलं की असा घोळ होतो. बाहेरून आलेल्या छायाचित्रकारांनी विदर्भातल्या शेतकऱ्यांची जी चित्रं घेतली त्यांतल्या काहींत डोक्याचा रुमाल दुःखाची खूण झालेला दिसतो. रुमाल लग्नातही तसाच बांधतात हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

ओलव्यांच्या मालिकेनंतर एक नवी वस्तू मात्र रस्त्यावर आली आहे, सफाई कामगाराच्या अंगावरचं नारिंगी जाकीट आणि त्यावरचा चंदेरी पट्टा. पहाटे रस्ता झाडणाऱ्या बायकांच्या साडीवर ते चढलेलं आता कुठल्याही शहरात दिसतं. रंगीत चित्रात जाकीटच सगळं चित्र खाऊन टाकतं आणि बघणाऱ्याला वाटतं, चला, व्यवस्था झाली. कृष्णधवलात नारिंगी रंग मधल्या करड्यात जातो आणि जाकीट साडीत मिसळतं. पण पट्ट्याचं तसं नाही. अंधारात फ्लॅश मारला की तो पांढराशुभ्र पेटतो, इतका की बाईचा चेहरा आणि हात त्याच्यापुढे काळोखात जातात. गाडीवाल्याला ती दिसावी म्हणून लावलेली पट्टी तिलाच चित्रातून घालवते. फ्लॅश न मारता थांबायचं तर उजाडायची वाट बघावी लागते, आणि उजाडेपर्यंत अर्धा रस्ता झाडून झालेला असतो. मध्ये एखादा पाव तास असा मिळतो की पट्टा अजून विझलेला नसतो आणि बोटं दिसू लागलेली असतात. त्या पाव तासात जठारपेठेच्या रस्त्यावर कुणी कॅमेरा घेऊन उभं राहिलं तर मोजे हातात आहेत की नाहीत, ते त्या चित्रात येईल.